पात्रतेची रेषा आणि तिच्या काठावरचा कर्जदार

कर्जमाफी द्यावी की देऊ नये, यावर आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. अर्थशास्त्रज्ञ एका बाजूने बोलतात, शेतकरी संघटना दुसऱ्या बाजूने, आणि दोहोंच्या म्हणण्यात तथ्य असते. मला आज त्या वादात शिरावयाचे नाही. शासकीय सेवेत असताना एका वेगळ्याच प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही, त्याविषयी येथे लिहावयाचे आहे. ऋणमुक्तीचा प्रत्येक कायदा आणि प्रत्येक योजना कोठेतरी एक रेषा आखते. रेषेच्या आत असलेला कर्जदार पात्र, बाहेर असलेला अपात्र. जो स्पष्टपणे आत आहे त्याला यादीत नाव शोधण्यापलीकडे काही करावे लागत नाही आणि जो स्पष्टपणे बाहेर आहे तो अर्जच करीत नाही. खरी परीक्षा होते ती रेषेच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाची, आणि त्याच्या निमित्ताने प्रशासनाचीही.

ही रेषा आखण्याचा आपल्याकडील इतिहास दीर्घ आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले होते, नव्या जमाबंदीने सारा वाढला होता आणि कर्जे तुंबली होती. जमावाचा रोख प्रामुख्याने कर्जरोखे, गहाणखते आणि वह्या यांवर होता. हे कागद हाती लागले की ते जाळावयाचे, अशी एकंदर रीत होती. शेतकऱ्याला आपला शत्रू कोठे दडला आहे हे नेमके ठाऊक होते, असे म्हणावे लागते. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्याची परिणती १८७९ च्या डेक्कन शेतकरी ऋणमुक्ती कायद्यात झाली.

प्रारंभी हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याने न्यायालयाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. रोख्यावर शंभर लिहिले असले, तरी प्रत्यक्षात हाती किती पडले, व्याज कितीदा मुद्दलात मिसळले गेले, हे न्यायाधीशाने पाहावे अशी तरतूद होती. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

परंतु हे सारे संरक्षण एका शब्दावर अवलंबून होते: ‘शेतकरी’. कायद्याच्या व्याख्येनुसार ज्याची उपजीविका सर्वस्वी किंवा मुख्यत्वे शेतीवर चालते तो शेतकरी. यातील ‘सर्वस्वी’ हा शब्द सोपा आहे. सारा घोळ ‘मुख्यत्वे’ या शब्दात आहे. पावसाळ्यात नांगर धरणारा आणि उन्हाळ्यात बैलगाडीने भाडी मारणारा मनुष्य कोण? घरात हातमाग आणि शिवारात तीन एकर असलेला कोष्टी कोण? दुष्काळाच्या वर्षी ज्याचे शेत पिकलेच नाही आणि जो खडी फोडून जगला, त्याची त्या वर्षीची उपजीविका ‘मुख्यत्वे’ कशावर चालली? व्याख्या लिहिणाऱ्याच्या मनात एक ठराविक शेतकरी असतो. कचेरीच्या दारात येतो तो मात्र नेहमी थोडासा निराळा असतो.

पुढील काळात कायदेकर्त्यांनी या संदिग्धतेवर आकड्यांचा उतारा शोधला. १९३८ मध्ये मद्रास प्रांतात राजगोपालाचारी यांच्या मंत्रिमंडळाने शेतकरी ऋणनिवारणाचा कायदा केला. १ ऑक्टोबर १९३२ पूर्वीच्या कर्जावर १ ऑक्टोबर १९३७ पर्यंत थकलेले सारे व्याज त्याने रद्द केले आणि मुद्दलाच्या दुप्पट रक्कम आधीच फेडली गेली असेल तर कर्जच संपुष्टात आणले. त्यातून कोणाला वगळावे हे ठरविताना करांचा आधार घेण्यात आला. लागोपाठ दोन आर्थिक वर्षे प्राप्तिकर लागला असेल तर तो मनुष्य बाहेर. शहरातील घरांवर सलग चार सहामाही घरपट्टी लागली असेल आणि त्यांचे वार्षिक भाडेमूल्य ६०० रुपयांहून कमी नसेल तर तोही बाहेर. म्हणजे ५९० रुपये भाडेमूल्याच्या घराचा मालक शेतकरी ठरू शकत होता आणि ६१० रुपयांचा ठरू शकत नव्हता, मग दोघांची शेती आणि दोघांचे कर्ज सारखेच का असेना.

मुंबई राज्याच्या १९४७ च्या शेतकरी कर्ज निवारण कायद्यात हीच पद्धत अधिक रेखीव झालेली दिसते. शेती आणि अंगमेहनत यांखेरीज अन्य मार्गांनी होणारे उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या किती प्रमाणात असावे, यावर तेथे मर्यादा होती. शिवाय एकूण कर्ज १५,००० रुपयांहून अधिक नसावे, अशीही अट होती. अर्जदार ‘ऋणको’ आहे काय आणि त्याचे कर्ज या मर्यादेत आहे काय, हे दोन मुद्दे न्यायालयाने सर्वांत आधी निकाली काढावयाचे होते. ते त्याच्या विरुद्ध गेले की पुढील सारी चौकशी थांबे. ही रचना मला फार बोलकी वाटते. माणसाचे दुःख किती खरे आहे, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर गेला; तो दाराच्या मापात बसतो की नाही, हा पहिल्या क्रमांकावर आला.

याचा दोष मी त्या कायदेकर्त्यांना देत नाही. आकडा निश्चित असला की अधिकाऱ्याच्या लहरीला वाव राहत नाही, वशिल्याला आळा बसतो आणि तिजोरीवरील भार मोजता येतो. रेषेविना ऋणमुक्ती शक्य नाही, हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न एवढाच की रेषा आखणाऱ्याने काठाचा विचार केला होता काय?

स्वातंत्र्योत्तर काळातील योजनांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिसतात. १९९० च्या केंद्रीय योजनेत २ ऑक्टोबर १९८९ रोजीच्या थकबाकीपैकी १०,००० रुपयांपर्यंतचा भार उचलण्यात आला. तेथे जमिनीची मर्यादा नव्हती. २००८ च्या केंद्रीय योजनेने मात्र जमिनीची रेषा आखली. २९ फेब्रुवारी २००८ रोजीच्या अर्थसंकल्पी भाषणात तिची घोषणा झाली. ३१ मार्च २००७ पर्यंत वाटप झालेले, ३१ डिसेंबर २००७ रोजी थकीत असलेले आणि २९ फेब्रुवारी २००८ पर्यंत न फेडलेले कर्ज विचारात घ्यावयाचे होते. दोन हेक्टरपर्यंतच्या अल्प व अत्यल्प भूधारकांची पात्र रक्कम संपूर्ण माफ. त्यावरील शेतकऱ्यांनी ७५ टक्के भरल्यास उरलेल्या २५ टक्क्यांची सवलत.

विदर्भ आणि मराठवाड्यातून तत्काळ आक्षेप आला, आणि तो रास्त होता. कालव्याच्या पाण्यावरील दोन हेक्टर आणि कोरडवाहू मुरमाड जमिनीचे दोन हेक्टर यांची तुलना कशी करणार? पश्चिम महाराष्ट्रातील पाच एकर ऊस पिकविणारा पूर्ण माफीस पात्र आणि यवतमाळमधील सात एकर कापूस पेरणारा अपात्र, असे चित्र उभे राहिले. त्यानंतर केंद्राने अवर्षणप्रवण, वाळवंटी आणि पंतप्रधानांच्या विशेष मदत योजनेतील जिल्ह्यांमध्ये मोठ्या भूधारकांना २५ टक्के अथवा २०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती सवलत देण्याचे ठरविले. रेषेवरील कडा तासून तेथे उतार करण्याचा हा प्रयत्न होता. त्याची अंमलबजावणी मी जवळून पाहिली.

त्या वर्षी मी मराठवाड्यातील एका जिल्ह्यात महसूल अधिकारी होतो. ३० जून २००८ पर्यंत बँकांच्या शाखांत पात्र शेतकऱ्यांच्या याद्या लागावयाच्या होत्या, त्या लागल्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात साठीच्या घरातील एक शेतकरी माझ्याकडे अर्ज घेऊन आले. त्यांचे नाव पूर्ण माफीच्या यादीत नव्हते, सवलतीच्या यादीत होते. थकबाकी ३८,००० रुपये. पूर्ण माफीत बसले असते तर पूर्ण रक्कम गेली असती. सवलतीत २०,००० जाऊन १८,००० स्वतः भरावे लागणार होते. ज्याच्याकडे बी-बियाण्याला पैसे नाहीत त्याला १८,००० कोठून आणा असे सांगणे म्हणजे सवलतही नाकारण्यासारखेच होते.

सातबाऱ्यावर दोन भावांच्या नावे मिळून ४ हेक्टर १० आर क्षेत्र होते. धाकटा भाऊ अनेक वर्षांपासून हैदराबादेत नोकरीला. वडिलांच्या पश्चात वाटणी तोंडी झालेली. कागदावर खाते सामाईकच. भावाचा निम्मा हिस्सा शेजारी बटाईने करीत असे. शाखेने संपूर्ण ४ हेक्टर १० आर या कर्जदाराच्या खात्यावर धरले होते. निम्मे धरले तरी २ हेक्टर ५ आर होतात, म्हणजे मर्यादेच्या पाच आर पलीकडे. योजनेच्या मजकुरात दोन हेक्टरच्या पुढे कंसात पाच एकर असे लिहिले होते. पाच एकर म्हणजे अचूक हिशेबाने २ हेक्टर २ आर. तेवढी सूट घेऊनही तीन आर उरतच होते.

“साहेब, पाच गुंठ्यांत काय पिकतं ते तुम्हीच सांगा,” असे ते म्हणाले. मी अर्ज ठेवून घेतला आणि “काका, हा विषय बँकेचा आहे, तरी पाहतो,” असे उत्तर दिले. त्यानंतर तो अर्ज माझ्या टेबलावर सात आठवडे पडून राहिला. मोठे कारण काही नव्हते. पाऊस लांबला होता, टंचाईच्या बैठका होत्या, आणि हा विषय खरोखरच बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा आहे, अशी माझी समजूत होती. नियमाप्रमाणे ती चूकही नव्हती.

ऑगस्टअखेर एका दौऱ्यात मी सहज म्हणून त्या गावचे दप्तर पाहिले. त्या गटात १४ आर पोटखराबा नोंदलेला होता. ओढ्याचा काठ आणि खडक. तेथे कधी नांगर चाललाच नव्हता. योजनेचे शब्द ‘शेतजमीन कसणारा’ असे होते. लागवडीयोग्य क्षेत्र ३ हेक्टर ९६ आर, त्याचे निम्मे १ हेक्टर ९८ आर. शिवाय गाव नमुना बाराच्या पीकपाहणीत, कर्ज मंजूर झाले त्या वर्षी, भावाच्या हिश्श्यावर जमीन करणारा म्हणून बटाईदाराचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. ही नोंद महत्त्वाची होती, कारण भूधारणा कर्जमंजुरीच्या दिवशी किती होती हे पाहावयाचे होते. नंतर वाटणी करून त्याचा उपयोग झाला नसता. तलाठ्याचा उतारा, भावाचे हैदराबादहून आलेले शपथपत्र आणि माझे पत्र अशी कागदपत्रे बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेली. डिसेंबरमध्ये त्यांनी म्हणणे मान्य केले आणि पुरवणी यादीत नाव आले.

परंतु ३० सप्टेंबर ही सवलतीच्या पहिल्या हप्त्याची मुदत होती. माफी मिळेलच याची खात्री नसल्याने, निदान सवलत तरी हातची जाऊ नये म्हणून त्या गृहस्थांनी एक बैल विकून तो हप्ता भरला होता. पुढे भरलेली रक्कम त्यांच्या बचत खात्यात परत जमा झाली. बैल परत आला नाही. रब्बीची पेरणी त्यांनी दुसऱ्याच्या औताने, भाडे देऊन केली. मी ते सात आठवडे वाया घालविले नसते तर हे टळले असते, हे मला तेव्हाही कळत होते आणि आजही कळते.

ही एक घटना अपवादात्मक म्हणून बाजूला सारता आली असती. पण २०१३ मध्ये भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा या योजनेवरील अहवाल संसदेसमोर आला. लाभ न मिळालेली जी ९,३३४ खाती नमुन्यादाखल तपासली गेली, त्यांपैकी १,२५७ खाती, म्हणजे १३.४६ टक्के, वास्तविक पात्र होती. उलट लाभ मिळालेल्या ८०,२९९ खात्यांपैकी ८.५ टक्के अपात्र आढळली. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत असे मला वाटते. अपात्राला पैसा गेला यावर खूप चर्चा झाली, आणि व्हावयासही हवी होती. पात्र असून बाहेर राहिलेल्यांची चर्चा त्या मानाने अल्पच झाली. अपात्राला दिलेल्या रकमेची वसुली तरी करता येते. पात्र असून वगळलेल्याचे गेलेले वर्ष कोणालाही भरून देता येत नाही.

त्यानंतर अनेक राज्यांनी आपापल्या योजना आणल्या. काठाच्या दृष्टीने महाराष्ट्राच्या दोन योजनांची तुलना उद्बोधक आहे. २०१७ च्या योजनेत कुटुंब हा घटक धरून दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ होती. त्याहून अधिक थकबाकी असलेल्याने वरची रक्कम स्वतः भरली की शासन दीड लाख भरत असे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या योजनेत मर्यादा दोन लाखांची झाली आणि कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी हा घटक आला. या दोन्ही सुधारणा कर्जदाराच्या हिताच्या होत्या. परंतु ३० सप्टेंबर २०१९ रोजी मुद्दल व व्याज मिळून थकबाकी दोन लाखांहून अधिक असेल, तर ते खाते त्या योजनेत बसत नव्हते. म्हणजे १,९९,००० थकीत असलेल्याला सारे काही आणि २,०१,००० थकीत असलेल्याला त्या योजनेतून काहीही नाही. त्यातही मर्यादेत व्याज धरले की काठावरच्या माणसाचे भवितव्य त्याच्या हातून निसटते. दोन गावकऱ्यांनी सारखेच मुद्दल उचलले असले तरी एकाच्या शाखेने व्याज कसे आणि केव्हा आकारले, यावरून एक आत राहतो आणि दुसरा बाहेर पडतो. १८७५ साली जी वही शेतकरी जाळू पाहत होता, तिच्यातील शेवटची ओळच येथे पात्रता ठरविते. तेलंगणाने २०२४ मध्ये दोन लाखांची योजना राबविताना वरची रक्कम भरून आत येण्याची वाट ठेवली. तेथे कुटुंब कोणते, हे ठरविताना शिधापत्रिकेच्या आधारावरून वाद झाले. रेषा एका ठिकाणी सैल केली की ती दुसऱ्या ठिकाणी काचते.

शेतीबाहेरील गरीब ऋणकोसाठीही आपल्या संसदेने एक दार बांधले आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत ‘नव्या प्रारंभा’ची प्रक्रिया आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० रुपयांपर्यंत, पात्र कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत आणि स्वतःचे घर नसणे, अशा तिच्या अटी आहेत. १ डिसेंबर २०१९ पासून व्यक्तींच्या नादारीच्या तरतुदी अमलात आल्या त्या कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरत्या. गरीब ऋणको तेव्हा दाराबाहेरच राहिला. ६०,००० म्हणजे महिन्याला ५,०००. कायद्यात आकडा कोरला जातो तेव्हा तो त्या दिवशीचा असतो. बाजारभाव पुढे जातो, आकडा तेथेच राहतो आणि दरवर्षी काठावरची थोडी थोडी माणसे, ती तितकीच गरीब असूनही, बाहेर पडत जातात.

या साऱ्या अनुभवातून प्रशासनासाठी मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, मर्यादेवर कडा नसावा, उतार असावा. मर्यादा थोडी ओलांडणाऱ्याचा लाभ थोडा कमी व्हावा, शून्य होऊ नये. दुसरी, नकार लेखी आणि सकारण असावा. ‘यादीत नाव नाही’ हे कारण होऊ शकत नाही; कोणते क्षेत्र धरले, कोणत्या तारखेची थकबाकी धरली, हे अर्जदाराला कळले पाहिजे. तिसरी, मोजमापाविषयी दोन प्रामाणिक मते संभवत असतील तर ज्याच्यासाठी योजना आहे त्याच्या बाजूचे मत स्वीकारावे, आणि ते मुदतीच्या आत स्वीकारावे.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे घरापासून दूर, इंदूर, बडोदा, बंगळूर, दिल्ली अथवा परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी. आपल्यापैकी पुष्कळांची नावे आजही गावाकडच्या सातबाऱ्यावर भावाच्या नावाशेजारी आहेत. आपण ती जमीन कसत नाही, तिच्याविषयी वर्षानुवर्षे विचारही करीत नाही. परंतु आपल्या त्या नावामुळे गावात राहिलेला भाऊ कागदावर आहे त्याहून मोठा भूधारक दिसू शकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणीची रीतसर नोंद करून घेता येते. पोटखराबा आणि पीकपाहणी बरोबर लिहिली आहे की नाही, हे सुटीत गावी गेल्यावर एकदा पाहता येते. नवी योजना जाहीर झाल्यावर धावाधाव करून याचा उपयोग होत नाही. पात्रता बहुधा मागच्या तारखेवरून ठरते.

हैदराबादेतील त्या धाकट्या भावाने शपथपत्रासोबत मला एक छोटे पत्र पाठविले होते. आपले नाव सातबाऱ्यावर राहिले तर गावाशी नाते राहील, एवढ्याच भावनेने आपण वाटणी लांबविली होती, असे त्यात लिहिले होते. पुढील वर्षी दोघांनी वाटणीची नोंद करून घेतली. त्याच दिवशी धाकट्याने थोरल्याला बैलासाठी पैसे दिले, असे मला तलाठ्याकडून कळले.